राक्षसाचं तोंड आन बायकोची सुई

आमच्या पाड्यात बाईमाणसाचं मन माझ्याइतकं कोणालाच कळत नाय. बायको अख्खा पावसाळा रडत होती आन मला वाटलं, चुलीत लाकडं ओली हायत.

म्हणून मी सुकी लाकडं शोधून आणली. मोळी तिच्यापुढं टाकली आन बोललो, "घे, आता डोळ्यांना धूर नाय." तिनं लाकडांकडं बघितलं आन परत रडाय लागली. मंग मला वाटलं, ऐनाच्या लाकडाचा धूरच कडू असंल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचं आणलं. असं करत दाभोशाच्या धबधब्यावरच्या रानातली सगळी झाडं मी तपासली, बायकोला सोडून.

तसा मी हसवणारा माणूस. शाळेच्या ओट्यावर फक्त पावसात आडोशाला चढलोय, पण हळदीला मला लांबलांबून बोलावणं येतं. मी काय बोलतो त्याला कोण हसत नाय. मी बोलतो म्हणून हसतात. बायकोनं पण तेवढ्याच कारणानं माझ्याशी लगीन केलं. भाताच्या आवणीला मी चिखलात घसरलो की ती बांधावर पोट धरून बसायची, हातातली रोपं पडून जायची. या साली मी आपोआप एकदा पडलो आन मुद्दाम एकदा. ती बोलली, "उठ, रोपं मोडतात."

तेव्हा मी घाबरलो. घरात बघितलं तर तिचं सगळंच उलटं चाललेलं. नाचणीची भाकर थापता थापता हात थांबायचा आन तव्यावरची जळायची. पोरांवर वसकन जायची, मंग त्यांनाच पोटाशी धरून रडायची. केस विंचरायची नाय, झोपायची नाय. माझी आई बोलली, "आवणीत ओहळावर एकटी गेली व्हती. तिथलं कायतरी धरलंय तिला. भगताला दाखव."

मी भगताकडं गेलो. भगत पोरीकडं वसईला गेलेला. त्याची म्हातारी बोलली, "तिकडं नातवाला ताप हाय, त्याला डॉक्टरकडं न्यायला गेलाय." आता भगतच डॉक्टरकडं गेला म्हटल्यावर आपलं आपणच बघायला पायजे. मी विचार केला, भूत कोणाला घाबरतं? आपल्यापेक्षा मोठ्याला. आन आमच्याकडं बोहाड्यात, देवांची आन राक्षसांची तोंडं लावून गाव नाचतं ना, त्यात राक्षसाचं सोंग दर साली मीच आणतो.

ती तोंडं चुलत्याच्या माळ्यावर ठेवलेली असतात. बोहाडा उन्हाळ्यात. तोवर त्यांना हात लावायचा नाय, पूजा केल्याशिवाय खाली काढायची नाय. पण चुलता जेवून झोपलेला. मी देवाचं एकपण तोंड काढलं नाय, राक्षसाचंच काढलं. म्हटलं, राक्षसाला काय अपमान वाटणार.

ते तोंड जाम जड, लाकडाचं, दात बाहेर, आन डोळ्याची भोकं माझ्या डोळ्यांसमोर येत नाय. एक भोक कपाळावर आन एक नाकाजवळ. नाचताना दोन माणसं हात धरतात म्हणून जमतं. मी एकटाच निघालो. घराच्या अंगणात पोचलो, जोरात हाळी दिली आन पाय आपटत नाचाय लागलो. नाचता नाचता कोणाच्या तरी अंगावर गेलो. ती बाई आन मी दोघं कोंबड्यांच्या डालग्यावर पडलो.

ती बाई सिस्टर होती. उपकेंद्राची. बायकोला सुई द्यायला आलेली.

पाड्यातली पोरं, शेजारी, आई, कोंबड्या, सगळी हसाय लागली. सिस्टर पण साडी झटकत हसली. मी भोकातनं बायकोला शोधलं. ती उंबऱ्यावर बसलेली. तोंडावर काय नाय. मंग तिच्या डोळ्यातनं पाणी आलं आन ती बोलली, "मला हसू पण येत नाय ओ सिस्टर. माझं कायतरी मेलंय."

सिस्टरचं हसणं तिथंच थांबलं. ती बायकोच्या बाजूला उंबऱ्यावर बसली. मी तोंड काढाय गेलो तर पडल्यामुळं मागची दोरी आवळलेली, गाठ सुटंना. म्हणून मी राक्षसच राहिलो आन समोर बसलो.

"कधीपासून होतंय असं?" सिस्टरनं विचारलं.

मी आतून बोललो, "आवणीपासून."

"तुम्हाला नाही विचारलं, दादा. ताईला विचारतेय."

बायको बोलली, "पहिली सुई घेतली त्याच्या मागून. वाटलं, दमले असंल. दुसरीच्या मागून तर सकाळी उठावंसंच वाटत नाय. पोरं पण नको वाटतात. मंग त्याचंच रडू येतं."

ही सुई म्हणजे दिवस न राहण्याची. एकदा घेतली की तीन महिने बघायला नको. बायकोनं मला सांगितलं होतं. मी "बरं" बोललो होतो. त्या सगळ्यात माझं काम तेवढंच.

सिस्टरनं तिला सरळ विचारलं, जिवाचं काही वाईट मनात येतं का. बायको बोलली, "तसं नाय. मंग पोरांना भाकर कोण देईल?" आन माझ्याकडं बोट केलं. "हा?"

"मग मला आधी का नाही सांगितलंस गं?"

बायको बोलली, "सांगितलं तर तुम्ही सुई बंद कराल. दिवाळीनंतर आम्हाला वीटभट्टीवर जगायला जायचंय. धाकटी तिथंच झाली, कच्च्या विटांच्या खोपीत. दाई नाय, गाडी नाय, पाणी टँकरचं. तिथं परत दिवस गेले तर? रडत राहीन, पण तसल्या खोपीत परत बाळंत नाय व्हायची."

मला कायतरी बोलायचं होतं, पण राक्षसाच्या तोंडातून चांगलं बोललेलं पण भेसूर निघतं, म्हणून गप बसलो.

सिस्टर बोलली, "सगळ्यांना असं होत नाही. तुझ्या जावेला तीच सुई देते मी, ती मस्त आहे. पण काहींचं मन खाली जातं. पुढची सुई नको घेऊस. घेतलेली आता काढून टाकता येत नाही, हळूहळू उतरेल. तोवर जव्हारच्या डॉक्टरबाईंकडे जाऊ. मनाला पण औषध असतं. आणि दिवस न राहायला दुसरे उपाय आहेत. तांबी आहे. निरोध आहे. दादांचं ऑपरेशन आहे."

सगळ्या पाड्यानं राक्षसाकडं बघितलं. राक्षस बसल्या बसल्या मागं सरकला.

आई बोलली, "त्याचं नको. मंग भट्टीवर विटा कोण उचलील?"

सिस्टर बोलली, "आजी, विटा हातानं उचलतात."

आता पाडा परत हसला. मला वाटलं, आपल्यावर हसतायत तर हसवूनच घ्यावं. मी छाती काढली आन आतून आवाज दिला, "चला, करा ऑपरेशन." शेजारी जमिनीवर लोळाय लागले. बायको हसली नाय. ती जवळ आली, भोकातनं माझा डोळा शोधला आन हळू बोलली, "खरं बोलतोस?"

मी विनोद केला होता. पण तिनं असं विचारल्यावर तो परत घ्यायला मला तोंडच नव्हतं. मी बोललो, "खरं." तेवढ्यात चुलता कोयता घेऊन आला. मला वाटलं, आत्ताच करतो का काय. त्यानं फक्त दोरी कापली, तोंड उचललं आन माझ्याशी बोलणं बंद केलं.

पहिल्यांदा जव्हारला गेलो ते बायकोला दाखवायला. डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसवलं आन तिच्याशी जाम वेळ बोलल्या. इतका वेळ मी लग्नापासून तिच्याशी बोललो नसंन. गोळ्या दिल्या, परत यायला सांगितलं, आम्ही परत परत गेलो. भात पिवळं पडाय लागलं तसं तिनं एकदा आपणहून केस विंचरले. मी कोणाला बोललो नाय, नजर लागंल म्हणून.

मंग माझी पाळी. जीपमध्ये आमच्या गावचीच माणसं. एक बोलला, "जाताना वळू, येताना बैल." दुसरा बोलला, "हा जाताना तरी वळू कुठं हाय." दवाखान्यात डॉक्टरनं भूल द्यायची सुई काढली, तेवढी बघितली आन मी आडवा. डोळे उघडले तर डॉक्टर बोलले, "उठा, अजून काहीच केलं नाही." मंग केलं. मला वाटलं होतं त्याच्या पावपटीनं पण दुखलं नाय, पण ते मी घरी सांगितलं नाय. डॉक्टर बोलले, लगेच भरवसा नाय, तपासणी होईपर्यंत निरोध वापरायचे. एवढे निरोध दिले की पोरांनी बघितले असते तर जत्रा समजून फुगवले असते.

पाड्यावर जीपमधनं उतरलो. बायको खळ्यात भात झोडत होती. मी दोन पाय लांब टाकून, हात बाजूला धरून, जणू मांड्यांमध्ये तापलेली वीट हाय असा चालत निघालो. थोडं खरं होतं, बाकी मी वाढवलं. तिनं बघितलं. हातातला भारा खाली ठेवला. पहिल्यांदा नाकातनं आवाज आला, मंग ती पेंढ्यावर बसली, मंग आडवी झाली. डोळ्यातनं पाणी येईपर्यंत हसत होती. आई धावत आली, तिला वाटलं परत रडते.

मी तिथंच उभा, पाय लांब ठेवून. जाम ऐट आली मला. बोललो, "बघ. शेवटी मीच हसवलं तुला."

तिनं पदरानं डोळे पुसले आन भारा परत उचलला.

"तू नाय हसवलंस. सुई उतरली म्हणून हसू आलं. तू पहिल्यापासून असाच हायस."