ह्याचा सख्खा कोण हाय?

शाळेत सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा जळोचीहून फोन आला. दिनकररावांच्या पत्नी, शालनवहिनी. "मास्तर, हे गेलं..." एवढंच बोलल्या. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. माणूस गेल्याच्या बातमीवर कुणी "बरं" म्हणतं का? पण दिनकररावांच्या बाबतीत माझं तोंड कधीच ताळ्यावर नव्हतं. अग्निशमन दलात उभा जन्म घालवलेल्या या माणसाला मी सहा वर्षं मनातल्या मनात, आणि कधी उघडसुद्धा, शिव्या दिल्या आहेत. आज त्यांच्यावर लिहायला बसलोय, तर ते आधी कबूल केलेलं चांगलं.

मोरगाव रस्त्याला आमची वस्ती आहे. सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला, म्हणून मी आणि धाकटा भाऊ सुनील गाळ काढायला लागलो. त्याआधी उरलंसुरलं पाणी उपसायचं होतं. वरून पाइप पुरेना, तेव्हा पेट्रोलवरचा छोटा पंप दोरानं खाली सोडून कपारीवर ठेवला. हे डोकं माझं. इंजिनाचा धूर विहिरीत कोंडून राहतो आणि त्यातल्या विषाला वास नसतो, हे आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या मला सुचलं नाही! दुपारी पंप बंद पडला. सुनील पेट्रोलचा कॅन घेऊन पायऱ्या उतरला. "दादा, डोकं जड झालंय," म्हणाला, कपारीवर बसला आणि बसल्या जागी आडवा झाला. एक हात पाण्यात लोंबत होता. माझ्या हाका ऐकून शेजारच्या वस्तीवरची माणसं धावली. मी कमरेला दोर बांधत होतो, तेवढ्यात रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. दिनकरराव रजेवर होते, बायकोला घेऊन मोरगावच्या गणपतीचं दर्शन करून परत चालले होते. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. पळत आले, पण विहिरीत डोकावलेसुद्धा नाहीत. आमच्या तोंडांकडं बघत म्हणाले, "मी फायर ब्रिगेडचा हाय. ह्याचा सख्खा कोण हाय?" मला वाटलं, काही काम सांगणार. "मी, थोरला भाऊ," म्हणत मी पुढं झालो. त्यांनी मला धरून जमिनीवर पाडलं आणि माझ्या पाठीवर बसले.

तिथून पुढची वीस मिनिटं मी आजही जशीच्या तशी सांगू शकतो. वहिनी फोनवर फायर स्टेशनला पत्ता सांगत होत्या, मग ॲम्ब्युलन्सला. दिनकरराव माझ्या पाठीवरून हुकूम सोडत होते. "लिंबाच्या फांद्या तोडा, दोराला बांधून वरखाली करा, हवा हलू द्या. पाणी वता वरनं. पर खाली कुनी जायचं न्हाय!" माझी मान विहिरीकडंच होती. कठड्याच्या फटीतून सुनीलचा तो हात दिसत होता. बोटं हलली. मी ओरडलो, "हलतोय... जिवंत आहे तो, सोडा मला!" ते म्हणाले, "पान्यानं हलतोय." मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावलो, रक्त आलं, तोंडात खारट चव आली. त्यांनी हात काढून घेतला नाही. मी आईवरून शिव्या दिल्या. "द्या," म्हणाले, "पर हितंच पडून द्या."

गाडी आली तशी त्यांनी मला चौघांच्या ताब्यात दिलं, हवेची टाकी पाठीला बांधली, मुखवटा चढवला आणि झरझर उतरले. सुनीलला वर आणलं तेव्हा तो नुसता झोपल्यासारखा दिसत होता. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरीणबाई बारामतीपर्यंत त्याची छाती दाबत होत्या. मी त्याच्या पायाशी बसून त्या हाताकडं बघत होतो. दवाखान्यात सांगितलं, गेला. घरी आल्यावर आईनं मला एकच विचारलं, "तू वर काय करत हुतास?" मग मी ते सगळं दिनकररावांच्या खाती टाकलं. पंप कुणी सोडला, हा प्रश्नच मिटला की! दहाव्याला ते आले, तर मी अंगणातूनच विचारलं, "आता कुणाच्या पाठीवर बसायला आलात?" ते हात जोडून परत गेले. पुढं बाजारात समोर आले की ते नमस्कार करायचे आणि मी कांद्याकडं बघायचो.

गेल्या श्रावणात मात्र मी आपण होऊन जळोचीला गेलो. डोळे मिटले की ती बोटं दिसायची, आणि ते बघणारा माझ्याशिवाय एकच माणूस होता. ते निवृत्त झाले होते, दारातल्या खुर्चीत शेंगा सोलत बसले होते. मी बसण्याआधीच विचारलं, "तो हात खरंच पाण्यानं हलत होता?" हातातली शेंग खाली ठेवून म्हणाले, "न्हाय. त्यो हलवत हुता. मला ठावं हुतं." ते बोलत राहिले. नोकरी नवी असताना इंदापूरकडच्या एका विहिरीवर ते पळत जाऊन आधी खाली वाकले होते, पडलेला पोरगा कुठं आहे ते बघायला. तेवढ्यात पाठीमागून बापानं उडी घेतली. त्याच्यामागं चुलत्यानं. "तिघं काढले मी, मास्तर. तिघंबी गेल्याले. तवापासनं आधी खाली बघतच न्हाय. वर कोन उडी घेनार, ते हुडकतो. सख्खाच आसतो." मी विचारलं, "आणि मी वेळेत पोचलो असतो तर?" "आसता की," ते म्हणाले, "मग तुमचाबी हात हलला आसता... दोन मिनटं." वहिनींनी चहा आणला. मी तो प्यालो, "येतो" म्हणालो आणि निघालो. मनगटावर माझ्या दातांचा पांढुरका वण होता, तो मी पाहिला. आभार मानायचे राहिले. खरं तर राहिले नाहीत, माझ्याच्यानं मानले गेले नाहीत, आणि त्याची मला आता फार लाज वाटते.

त्यांच्या दहाव्याला निघालो, तर आई पायांत चपला घालून आधीच बाहेर उभी. सहा वर्षांत तिनं त्यांचं नाव घेतलं नव्हतं, मीही तिला श्रावणातलं काही सांगितलं नव्हतं. दारातली ती खुर्ची रिकामीच ठेवली होती, गर्दी असूनही तिच्यावर कुणी बसत नव्हतं. शालनवहिनी आईला म्हणाल्या, "जेवायला बसलं की हे रोज इचारायचं, आज शाळा हाय का गं? म्या म्हनायची, व्हय. मग म्हनायचं, म्हंजी मास्तर वर्गात आसतील. तवा घास घ्यायचं." आईनं पदर सावरला, जाऊन त्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवर बसली. मग वहिनींना म्हणाली, "माझा एक ठिवला त्यांनी, बाई."

परतीच्या एसटीत आम्हाला जागा मिळाली. बसल्या बसल्या आईनं माझं मनगट धरलं. तिकीट काढायला मला दुसरा हात वापरावा लागला. आमचा फाटा आला, आम्ही उतरलो, विहिरीवरून वस्तीकडं चालत गेलो, तरी तिनं ते सोडलं नाही.