न विचारता छापलेलं नाव

आमची गौतमी लहानपणापासूनच संशयी. दुकानातून आणलेला बिस्किटाचा पुडा उघडायच्या आधी कानाशी धरून हलवायची, आत किती चुरा झालाय ते ऐकायला. स्वभावानं वाकडी नाही, फक्त कुणाच्या सांगण्यावर चालत नाही. यात माझाही हात असेल. मी दुसरीपर्यंत शिकलेली; छापलेलं दिसलं की मला आधी शंकाच येते.

आम्ही मूळचे भुसावळचे. रेल्वेनं यांना जयपूरला आणलं आणि तिथल्या खातीपुऱ्यातच आम्ही म्हातारे झालो. गौतमी माझी नात. दोन हजार सहा साली तिला वैशाली नगरात एका लहानशा कंपनीत नोकरी लागली. दुसऱ्यांनी लिहिलेले कॉम्प्युटरचे प्रोग्राम तपासायचे, चुका काढायच्या. हे म्हणाले, "घरात फुकट काढायचीस, आता पगार मिळेल."

नोकरी अजून कच्ची होती. पक्की व्हायच्या बेतात असताना जयपूरजवळच्या चौमूं गावातल्या एका दवाखान्याचं काम आलं. लेकराचं वजन टाकलं की औषध किती द्यायचं ते सांगणारा प्रोग्राम. तपासून गौतमीनं सही करायची. तेवढ्यात तिचे साहेब परेशजी एक टूल घेऊन आले. बटण दाबलं की तेच सगळं तपासतं, चूक नसली की हिरवी खूण.

"आता हातानं तपासू नको म्हणतात," संध्याकाळी मेथी निवडताना ती म्हणाली. "ज्या मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आम्ही वापरतो, तिनं आपल्या सीडीत हे टूल दिलंय. मतलब, चांगलंच असणार."

"त्या कंपनीनं बनवलंय?"

"नाही गं आजी, दुसऱ्याच कुणी."

"मग चांगलं आहे असं लिहून दिलंय?"

"लिहिलं नाही. पण खराब असतं तर ठेवलं असतं का, असं सगळे म्हणतात."

मी तिला कॉलनीतल्या शामरावांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेची गोष्ट सांगितली. वर ठळक अक्षरांत रेल्वेच्या मोठ्या साहेबांचं नाव, 'प्रमुख उपस्थिती'. साहेबांना विचारलंसुद्धा नव्हतं. मुलीकडचे मात्र खूश. एवढा साहेब येतोय म्हणजे मुलगा चांगलाच. साहेब आले, जिलेबी खाऊन गेले. मुलाला कामावरून कधीच काढलंय, हे मागून कळलं. मुलीचा बाप साहेबांकडे गेला तर साहेब म्हणाले, "मी तर जेवायला आलो होतो."

गौतमी हसली नाही. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "आजी, उद्या मी मुद्दाम चूक करते."

दुसऱ्या दिवशी तिनं प्रोग्रामची नक्कल केली आणि त्यात तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाचं औषध लिहून ठेवलं. टूलनं हिरवी खूण दिली.

"तुला मोठ्या कंपनीपेक्षा जास्त कळतं का?" परेशजी चिडले.

"नाही सर. त्यांनाच विचारू या."

विचारलं. उत्तर आलं, टूल दुसऱ्यांचं आहे, आम्ही फक्त सोबत दिलंय, जबाबदारी वापरणाऱ्याची. म्हणजे तेही जेवायलाच आले होते.

तरी परेशजी हटेनात. "चौमूंवाले थांबणार नाहीत. सही कर, नाहीतर नोकरी पक्की होईल असं समजू नकोस."

गौतमीनं कागद त्यांच्यापुढे सरकवला. "तुमचा भरवसा आहे ना सर? मग तुम्ही करा."

परेशजींनी पेन उघडलं. त्यांच्या घरी वर्षाची लेक. तिचं वजन त्यांना पाठ असणार. थोड्या वेळानं त्यांनी पेनला टोपण लावलं. "हातानं किती दिवस लागतील?"

लागायचे तेवढे लागले, पण खरीच चूक निघाली. वजन लिहिताना मधलं टिंब राहिलं, तर प्रोग्राम निमूटपणे दहापट औषध सांगायचा. ती दुरुस्त झाल्यावरच गौतमीनं सही केली.

नोकरी पक्की झाली तेव्हा परेशजी लेकीला कडेवर घेऊन आमच्याकडे आले, पेढ्यांचा डबा घेऊन. "आजी, फार नावाजलेलं दुकान आहे."

"असेल हो," म्हणत मी डबा यांच्यापुढे सरकवला. "आधी हे खाऊन बघतील."

गौतमीनं मात्र यांच्याही आधी एक पेढा फोडून हुंगला होता.