खाडीच्या तोंडाशी सात फूट

दिवाळीच्या सुटीत बालाघाटला घरी होतो तेव्हाची गोष्ट. पुण्यातल्या माझ्या साहेबांची शिडाची बोट आहे. तिच्यावर चार रविवार काय काढले, मी स्वतःला मोठा दर्यावर्दी समजायला लागलो होतो. साहेबांना कोकणच्या उथळ खाड्यांतून आठवडाभर फिरायचं होतं, बोटीच्या बुडाखालचा कणा, म्हणजे कील, मात्र सहा फूट खोल. मार्ग आखायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं.

बाबांनी जन्मभर वैनगंगेवर डोंगा चालवला, पण समुद्र पाहिला नव्हता. यंदा तुम्हाला नेतो, असं मी कबूल केलं होतं. ते वारासिवनीहून कॅनव्हासचे बूट घेऊन आले आणि अख्ख्या मोहल्ल्याला सांगून मोकळे झाले. अडचण एकच होती. नोकरी लागली तेव्हा मी साहेबांना थाप मारली होती की वडील खाणीत अधिकारी होते. निघेपर्यंत काहीतरी मार्ग काढू म्हटलं. कसला डोंबलाचा मार्ग!

एका सकाळी साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. मी ऐटीत सांगितलं, "खाडीच्या तोंडाशी सात फूट पाणी आहे, सहज निघू."

मागून बनियनवर बसलेले बाबा पुढे वाकले. "सात फूट कवाचं? पावसाळ्यात रेती सरकते जी. आमी पूर उतरला का पयले नदी चालून पायतो, मंगच डोंगा टाकतो. लहान डोंगी समोर धाडा, बांबूनं पानी मोजत."

साहेब खूश झाले. "अगदी बरोबर. कोण रे हे?"

"आमच्याकडे कामाला आहेत," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं, असं म्हणणार नाही. विचार करून म्हणालो.

"मग घेऊन ये त्यांना. पुढच्या होडीत बसतील."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आठवडाभर एका बोटीत खोटं टिकणार नाही, हे माझ्याआधी त्यांच्या ध्यानात आलं. "नाई जी," ते साहेबांना म्हणाले, "घर सोडता येत नाई." मग माझ्याकडे वळून, "चहा आणू का, मालक?"

आणि मी, नालायक, "आणा" म्हणालो.

गेलो मी. खाडीच्या तोंडाशी, नकाशात सात फूट होतं तिथं, पाणी साडेचार फूट निघालं. पुढच्या होडीत बसून मीच बांबू टाकला, दुसऱ्या कडेनं वाट सापडली आणि कील कुठंच टेकली नाही. साहेब रोज "तुझा तो माणूस" म्हणून बाबांचं कौतुक करायचे. मी रोज मान हलवायचो.

परत आल्यावर बाबांना सगळं सांगितलं.

"मंग आता तरी सांगतलं का त्यायले, बाप होय म्हणून?"

"हौ," मी आणखी एक थाप मारली.

बाबांना एवढा आनंद झाला की ते उठून शेजारी सांगायला गेले.