कुकर किती वेळा ओरडला

मुलांनो, गेल्या आठवड्यात फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, वॉज आजोबा फनी?" मी "हो" म्हणाले आणि जेवलात का, काय जेवलात, ते विचारत बसले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. धुतलेले कपडे दोनदा घड्या घालून झाले. आता लिहूनच टाकते.

तुमच्या आजोबांना जुन्या अमेरिकन रेडिओवरच्या विनोदाचं वेड होतं. गाणी, जादू, नकला यांच्या मधेमधे रंगमंचावर येऊन हसवणाऱ्या जोड्या पुढे रेडिओच्या माइकसमोर उभ्या राहिल्या. त्यांची रेकॉर्डिंग्ज ते तासन् तास ऐकायचे. एकाने गंभीरपणे विचारायचं, दुसऱ्याने भलतंच उत्तर द्यायचं. इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर आम्हाला रविवारी मराठीसाठी अर्धा तास मिळाला, तेव्हा त्यांनी तसेच संवाद लिहिले. गंभीर बाजू माझी. शुद्धलेखनही माझंच.

एकदा त्यांनी लिहिलं होतं, मी विचारायचं, "अहो, कुकर किती वेळा ओरडला?" आणि ते म्हणणार, "तुझ्यापेक्षा कमी." मला ते झोंबलं. "कुकर ओरडत नाही, शिट्टी देतो," म्हणत मी पेन्सिलीने ते खोडून 'शिट्टी' घातली.

कार्यक्रम थेट होता. मी विचारलं, "शिट्टी झाली का?" ते म्हणाले, "कोणती शिट्टी?" मी म्हटलं, "कुकरची शिट्टी!" तेवढ्यात स्टुडिओच्या काचेपलीकडे यंत्रावर बसलेल्या ऑस्ट्रेलियन बाईंनी माइक बंद करून गाणं लावलं. त्यांना मराठी येत नव्हतं. 'शिट्टी'त त्यांना ऐकू आली ती इंग्रजी शिवी. आयुष्यभर इंग्रजी शिकवत आलेल्या मला ती ऐकू आली नव्हती.

आमचा अर्धा तास काढून घ्यायचा का, हे ठरवायला समिती बसली. मी कागद नीट लावून नेले होते. अध्यक्षांनी आजोबांना विचारलं, "हा शब्द तुम्ही लिहिलात?"

"हो."

"आणि तीनदा वापरलात?"

"राइस नीड्स थ्री, मेट," आजोबा शांतपणे म्हणाले. "डाळीला चार लागतात." मग त्यांनी तोंडाने कुकरची शिट्टी वाजवून दाखवली. माइक बंद करणाऱ्या त्या बाईसुद्धा डोळे पुसत हसल्या.

तो शब्द मी घातला होता, हे तिथे सांगायला हवं होतं. मी कागद सारखे करत राहिले. परतताना गाडीत म्हटलं, "मी बोलायला हवं होतं हो."

"मधे बोलली असतीस तर माझा हशा गेला असता," ते म्हणाले.

समितीने अट घातली की विनोद नको, गाणी आणि सूचना चालतील. आजोबांनी लगेच मान्य केलं, आणि पुन्हा एकही संवाद लिहिला नाही. ती पेन्सिल फिरवली नसती तर, हा विचार मी अजून घरभर घेऊन फिरते.

तो अर्धा तास मात्र वाचला. आता नर्सिंग शिकणाऱ्या दोघी तो चालवतात. दर रविवारी दुपारी चारला मराठी लागतं.