वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात मास्तर एकच. बाकीचे शिवायचे, हे कापायचे. कापडाचे थर टेबलावर अंथरायचे, वर कागदी नमुना ठेवायचा आणि विजेची सुरी अशी फिरवायची की तळातली बाही आणि वरची बाही जुळ्या बहिणी वाटाव्यात. एकदा कापलेलं कापड पुन्हा सांधत नाही, तरी त्यांचा हात कधी थबकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. काजं करणारी बाई म्हणायची, मास्तरांच्या छातीत काळीज नाही, मोटार बसवलीय. खरी गोष्ट एवढीच होती की कापड दुसऱ्याचं असायचं.

स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की याच माणसाचं मन दाही दिशांना धावायचं. चपला घ्यायला गेले तर संध्याकाळपर्यंत चार दुकानं हिंडून जुन्याच चपला शिवून घेऊन घरी यायचे, आणि वर बायकोला सांगायचे की वेळ सत्कारणी लागला.

अशा माणसाला आता कॉम्प्युटर घ्यायचा होता. तोही साधा नाही, गेम खेळायचा. सुटे भाग निवडून जोडून घ्यायचा. मिशा पांढऱ्या झाल्यावर हे खूळ कुठून शिरलं म्हणून कारखान्यात चेष्टा झाली. मास्तरांनी ताकास तूर लावू दिली नाही.

या खुळाचं कारण त्यांची मुलगी होती. ती दुसऱ्या शहरात एका इस्पितळात नर्स होती. फोनवर बापलेकीचं बोलणं ठरलेलं. "जेवलीस?" "हो." "बरं, आईला देतो." घर सोडताना मुलीने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम घालून दिला होता. त्यात एक मालट्रक डोंगरातल्या रस्त्यांनी जायचा. एकाने चालवायचा, दुसऱ्याने शेजारी बसून नकाशा वाचायचा. चालवायची मुलगी. दर रविवारी दुपारी दोघं आपापल्या घरात कानाला हेडफोन लावून बसायची, आणि समोरासमोर जे आयुष्यात जमलं नाही ते नजर रस्त्यावर असताना जमायला लागलं. ट्रकमध्ये तिने पहिला रुग्ण गेला तेव्हा आपण जिन्यात बसून रडलो हे सांगितलं. मास्तरांनी तिला सांगितलं की लग्नाआधी त्यांना जहाजावर जायचं होतं. हे बायकोलाही माहीत नव्हतं. बायको शेजारच्या खोलीत शेंगा सोलत बसलेली असल्यामुळे तेही तिला त्याच दिवशी कळलं.

गेल्या रविवारी मुलीने एका वळणावर ट्रक बाजूला घेतला. "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय." ट्रकचं इंजिन घुरघुरत राहिलं. "आज नको," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी सांगते."

आणि त्याच आठवड्यात गेम काढणाऱ्यांनी जुनी आवृत्ती बंद करून नवी आणली. जुन्या कॉम्प्युटरने ती उघडायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पंखा किंचाळला, पडदा काळा झाला, आणि त्या काळ्या पडद्यात मास्तरांना स्वतःचा चेहरा तेवढा दिसत राहिला.

त्यांनी मुलीला फोन लावला. "काय सांगायचं होतं ते आत्ता सांग की."

"काही विशेष नाही हो. जेवलात?"

"हो."

"आईला द्या."

तेव्हापासून मास्तरांच्या डोक्याला भुंगा लागला. आजार असेल. लग्न असेल. ठरलेलं लग्न मोडलं असेल, जे आपल्याला ठरलेलंच माहीत नव्हतं. चहाच्या सुटीत ते कॉम्प्युटरचे व्हिडिओ बघू लागले. त्यात दाढीवाली पोरं तावातावाने सांगायची की अमका प्रोसेसर घेणारा मूर्ख आहे, आणि पुढच्या व्हिडिओत तीच पोरं सांगायची की तो न घेणारा मूर्ख आहे. मास्तर दोन्हीकडून मूर्ख ठरून कामावर परतायचे. कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ते खडूने भागांची नावं लिहायचे, बाहीने पुसायचे, पुन्हा लिहायचे. बुधवारी त्यांनी विजारींच्या थरावर सुरी टेकवली आणि पुन्हा उचलली. सगळी शिलाई यंत्रं एकदम थांबली. मास्तरांचा हात अडल्याचं लोक पहिल्यांदाच बघत होते.

"पातं बोथट झालंय," मास्तर म्हणाले. पातं सकाळीच बदललेलं होतं.

बाजारातल्या एका अरुंद जिन्यावर कॉम्प्युटरच्या भागांचं दुकान होतं. दुकानदार तरुण होता आणि गिऱ्हाइकाकडे न बघता बोलायची त्याला सवय होती.

"काका, बजेट सांगा."

मास्तरांनी बजेट सांगितलं. हंगामातल्या जादा कामाचे पैसे होते, त्यापलीकडे काही निघण्यासारखं नव्हतं.

"ह्यात मस्त बसेल. खेळायचंय काय?"

"ट्रक."

दुकानदाराने पहिल्यांदा वर पाहिलं. "कोण खेळणार?"

"घरचेच," मास्तर म्हणाले, आणि विषय बदलायला म्हणून समोरच्या सगळ्यात मोठ्या कॅबिनेटवर हात ठेवला. कॅबिनेट म्हणजे सगळे भाग ज्यात बसवायचे ती पेटी. ही तर पेटी कसली, कपाटच होतं. आत हात घालून त्यांनी वितीने जागा मोजली. प्रशस्त होती. उद्या काही वाढवायचं म्हटलं तर वाढवता येईल. शिवणीच्या आत दुमडून ठेवतात तशी माया हवी, मग कपडा उसवून सैल करता येतो. मास्तरांनी उभ्या जन्मात मायेशिवाय कपडा कापला नव्हता. ती पेटी त्यांनी तिथल्या तिथे विकत घेतली. आठवड्यातला हाच एक निर्णय ते न चळता घेऊ शकले, आणि त्याच आनंदात बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या प्रवाशाला खिडकी दिसेनाशी झाली.

बायको पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीवर काम करायची. माणूस पाण्यात उतरणार की काठावरून परत जाणार हे तिला तिकीट फाडतानाच कळायचं. तिने पेटीच्या आत डोकावून पाहिलं.

"हे रिकामं का आहे?"

"आतलं नंतर येईल."

"तोवर स्वेटर ठेवू का?"

मास्तर कागदावरच्या यादीत गुंतले होते. वीज पुरवणारा डबा त्यांनी असा धरला की त्यावर अख्खी चाळ उजळली असती, पुढेमागे लागेल. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळं जोडायचं ती पाटी, मेमरीसाठी चार खाचांचा. आत्ता एकच भरायची, बाकीच्या पुढे. शनिवारी सकाळी कारखान्यातून अर्धी रजा टाकून त्यांनी ती यादी दुकानदाराला दिली. दुकानदाराने ती वाचली, बेरीज केली, आणि शेवटी उरलेल्या पैशात बसेल असं ग्राफिक्स कार्ड कपाटाच्या तळातून काढलं. पडद्यावर चित्र उमटवायचं काम त्या कार्डाचं. काडेपेटीचा मोठा भाऊ म्हणावा एवढंच होतं ते.

"ह्याच्यावर ट्रक चालेल ना?"

"सुरू होईल," दुकानदार म्हणाला. "चालणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे डोंगर दिसतील, रस्ता दिसेल, पण ट्रक वळणावर पोचल्यावर वळण दिसेल. काका, तुम्ही सगळं पुढचं घेतलंय. आत्ताचं काहीच नाही. खोकं लहान करा, बोर्ड लहान करा, विजेचा डबा मापात घ्या. ते पैसे कार्डात घाला."

"मग उद्या काही वाढवायचं झालं तर?"

"तर नाही वाढणार."

मास्तरांना तो उर्मटपणा वाटला. ज्यात काही वाढवताच येत नाही ती वस्तू माणसाने घ्यायचीच कशाला? "विचार करून सांगतो," असं म्हणून ते निघाले. खाली रस्त्यावर उभं राहून त्यांनी विचार केला, बसथांब्यापर्यंत गेले, परत फिरले, जिन्याच्या निम्म्यावर चढून पुन्हा उतरले. दुकान चारला बंद होणार होतं. उद्या रविवार.

घरी बायको जेवायची थांबली होती. त्यांनी ताटावर बसून सगळी हकीगत तिला ऐकवली. दुकानदार कसा उथळ आहे, आजकालच्या लोकांना पुढचा विचारच कसा नसतो, वगैरे.

"पोरीचे फ्रॉक आठवतात?" तिने विचारलं.

"मी शिवलेले. का आठवणार नाहीत?"

"सगळे वाढत्या अंगाचे. खांद्यावरून उतरायचे. शाळेत पोरी तिला तंबू म्हणायच्या."

"कापड चांगलं होतं. वर्षानुवर्षं टिकायला हवं होतं."

"टिकले की. अंगाला बसायला लागले तेव्हा विटलेले असायचे. फोटोंचा अल्बम काढा. त्यात मापाचा फ्रॉक घातलेली पोरगी दाखवा मला."

मास्तरांनी अल्बम काढला नाही. त्यांना गरज नव्हती. प्रत्येक फ्रॉक त्यांनीच कापला होता, आणि प्रत्येकात किती कापड आत दुमडलं होतं ते बोटांना पाठ होतं. पोरगी उंच व्हायची, ते शिवण उसवायचे, आणि उसवलेल्या जागी जुन्या रंगाची गडद पट्टी दिसायची. ती पट्टी झाकायला पोरगी हात शरीराला चिकटवून चालायची. ती तिची चालण्याची ढब आहे असं ते इतकी वर्षं समजत आले होते.

"मला कधी बोलली नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला कोण काय बोलतं?"

जेवण तसंच टाकून ते उठले. कपाटाएवढी पेटी छातीशी धरून बसमध्ये चढले तेव्हा कंडक्टरने तिचंही तिकीट लावलं. त्यांनी हुज्जत घातली नाही. दुकानदार शटर अर्धं ओढून उभा होता.

"वापरलेलं परत घेत नाही, काका."

"वापरायला आत काही होतं का?"

दुकानदाराने थोडे पैसे कापून पेटी परत घेतली. मास्तरांनी जुनी यादी खिशातच राहू दिली आणि एका श्वासात सांगितलं: लहान पेटी, दोनच खाचांचा बोर्ड, दोन्ही खाचा भरलेल्या, मागच्या वर्षीचा प्रोसेसर, कार्डाला पुरेल तेवढाच विजेचा डबा, आणि उरलं ते सगळं कार्डात.

"ह्यात पुढे काहीच बसणार नाही बरं का. मागाहून भांडायला येऊ नका."

"जोडा," मास्तर म्हणाले. पेचकस फिरत असताना त्यांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

रविवारी दुपारी ट्रक सुरू झाला. नव्या आवृत्तीत डोंगरावर झाडं होती आणि झाडांना पानं होती. मुलगी चालवत होती. मास्तरांनी पूल सांगितला, फाटा सांगितला.

"बाबा, मी इस्पितळ सोडलं," ती म्हणाली. "दोन महिने झाले. आईला पण सांगितलं नाहीये. एका फुलांच्या दुकानात बसते सध्या."

शेजारच्या खोलीतलं शेंगा सोलणं चालूच होतं. हेडफोनमधला आवाज तिथवर पोचत नव्हता.

मास्तरांच्या जिभेवर सगळं एकदम आलं. निवृत्तिवेतन, अनुभवाचा दाखला, म्हातारपण. "मग आता?" एवढंच बाहेर पडलं.

"आता उतार लागलाय, मी तिसऱ्या गिअरमध्ये आहे. नकाशा बघा."

त्यांनी नकाशा बघितला. उतार लांबलचक होता. "आंधळं वळण आहे," ते म्हणाले. "हळू घे."

तिने हळू घेतलं. वळणापलीकडे ती आपणहून सांगू लागली, पहिल्या दिवसापासून, आणि मास्तर मध्ये मध्ये फक्त रस्ता सांगत राहिले.