आरामात ये

माझा धाकटा भाऊ फोनवर ओरडूनच बोलतो. नागपूर ते अमेरिका हे अंतर आवाजानेच कापायचं असतं, अशी त्याची समजूत आहे. त्या दिवशी मात्र तो हळू बोलला. "ताई, आईची तब्येत थोडी सिरियस हाये. तू ये. पण घाई नको करू, आरामात ये."

आई आठवडाभर धंतोलीच्या एका दवाखान्यात भरती होती, हे मला माहीत होतं. पण आमच्या घरात परगावच्या माणसाला 'गेली' असं फोनवर कधीच सांगत नाहीत. प्रवासात एकटं माणूस, काही बरंवाईट होईल, म्हणून 'सिरियस आहे, ये' एवढंच कळवतात. सावनेरचे काका वारले तेव्हा पुण्याच्या चुलतबहिणीला असा फोन मीच केला होता, अगदी अशाच मऊ आवाजात. आता पंचाईत अशी की, माणूस खरोखरच सिरियस असलं तरी आमच्याकडे दुसरा शब्द नाही.

"मले आईशी बोलू दे," मी म्हटलं.

"आयसीयूत मोबाइल नेऊ देत नाही ना, ताई."

नवऱ्याने मिळालं ते तिकीट काढलं, ते नेमकं पुढच्या ऐसपैस वर्गाचं निघालं. जन्मात पहिल्यांदा विमानात पाय पसरून बसायला मिळालं, तेही अशा वेळी. बसते न बसते तोच एअरहोस्टेस गरम टॉवेल घेऊन आली. मग संत्र्याचा रस, सपाता, पांघरूण, मेन्यूकार्ड. पंचविशीची पोरगी असेल. दर थोड्या वेळाने वाकून, हसून विचारायची, आणखी काही हवं का? मला इतका राग यायचा की विचारू नका. बाई गं, मला टॉवेल नको, आई हवी आहे, आणून देतेस का? असं मनात म्हणायचं आणि वरून 'थँक यू' म्हणायचं.

जेवणाने तर माझा जीवच खाल्ला. आमच्याकडे माणूस गेलं की मयत घरून निघेपर्यंत कुणी अन्नाला शिवत नाही. आई गेली असेल, तर मी हे जेवायचं कसं? आणि जेवले नाही, तर आई गेली हे मीच ठरवून टाकलं असं नाही का होत? पांढऱ्या कापडावर मांडलेलं ते जेवण निवत गेलं आणि मी त्याच्याकडे बघत बसले. ती पोरगी दोनदा येऊन गेली. आवडलं नाही का, दुसरं काही आणू का, असं इंग्रजीत विचारत राहिली. शेवटी मी एक घास तोंडात घातला. आई आहे, म्हणून मी जेवते आहे, असं स्वतःला बजावलं. घास काही केल्या उतरेना. कुणाचं लक्ष नाही असं बघून तो रुमालात काढून टाकला.

विमानात इंटरनेट होतं. भावाला विचारलं, 'आई कशी आहे?' उत्तर आलं, 'डॉक्टर प्रयत्न करून राहिले.' मग मी घरच्या ग्रुपवर गेले. आमचे मामा रोज सकाळी तिथे गुलाबाचा फोटो टाकून 'शुभ सकाळ' लिहितात. कुणी बघत नाही, पण मामा थांबत नाहीत. नागपुरात एव्हाना चांगली उन्हं आली असणार, आणि गुलाब आला नव्हता. मावशीचे घरगुती उपाय नव्हते, भाच्याचे पांचट विनोद नव्हते. मामा दवाखान्यात गेले असतील, चष्मा घरी राहिला असेल, मी कारणं शोधत होते. ज्या गुलाबांना इतकी वर्षं नावं ठेवली, त्यातला एक तरी यावा म्हणून मी चक्क हात जोडले. शेवटी मोबाइल पालथा घातला आणि तोंडावर पांघरूण घेऊन रडले.

त्या पोरीला कळलंच. ती खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली.

"माझी आई आजारी आहे," मी तिला म्हटलं. आजारी हा शब्द उच्चारून मला बरं वाटलं. ती म्हणाली, "काळजी करू नका, तुम्ही पोचेपर्यंत त्या तुमची वाट बघतील." तिला बिचारीला काय ठाऊक असणार! तरी मी तिचा हात धरला आणि तेच वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिने म्हटलं. पुढे कुणीतरी घंटी वाजवत होतं, पण तिने हात सोडवून घेतला नाही.

आखातात विमान बदलून मी सकाळी नागपूरला उतरले. घ्यायला भाऊ नव्हता, मावसभाऊ आला होता. माझ्याहून मोठा, एरवी बोलून बोलून डोकं उठवणारा.

"दादा, तो काहून नाही आला?"

"दवाखान्यात हाये ना तो."

वर्धा रोडने निघालो. मी फक्त एकच बघत होते, गाडी दवाखान्यासाठी धंतोलीकडे वळते की सरळ महाल भागातल्या आमच्या घराकडे जाते. वळायची जागा जवळ आली तशी मी सीटची कड घट्ट पकडली. तेवढ्यात त्याने गाडी बाजूला घेतली. समोर पोह्यांचा ठेला होता.

"पहिले थोडे पोहे खाऊन घे वं."

"मले भूक नाही. पहिले आईकडे चाल."

"जाऊ ना. दोन घास खाय, मंग जाऊ. मंग दिवसभर पुन्हा..." आणि तो थांबला.

मला कळलं. आमच्याकडे वाईट बातमी सांगायच्या आधी माणसाच्या पोटात काहीतरी घालतात, कारण एकदा सांगितलं की ते खाणार नाही. त्याने प्लेट माझ्या हातात दिली आणि रस्त्याकडे तोंड फिरवलं. त्याचे डोळे सुजलेले होते. मला तिथेच खाली बसून हंबरडा फोडावासा वाटला. पण फोडला असता तर त्याला बोलावं लागलं असतं. मी खाल्लं. एकेक घास चावून चावून गिळला. हातात चमचा होता तोवर आई सिरियस होती, धंतोलीत होती. पोहे संपले. तो माझ्याकडे वळला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा," मी म्हटलं, "अजून एक प्लेट सांग."