तांब्याचा बंब पहिल्या पानावर

सासऱ्यांनी भंगारवाल्याला दिवाळीनंतरचा शब्द दिला, तो मला न विचारता. सुनेला विचारून कोण ऐरणी विकतं म्हणा! पण मी कारखान्याच्या मागच्या दारात कोथिंबीर निवडत बसले होते आणि सगळं माझ्या कानावर पडत होतं. ऐरणी, हातोडे, पत्रा कापायच्या कात्र्या, सगळं वजनावर जाणार होतं. भंगारवाला हातोडे उचलून उचलून पाहत होता. मला इतका राग आला की काड्यांबरोबर पानंही मी टाकून दिली.

आमचं दुकान जुन्या नाशकात, तांब्यापितळेच्या आळीत. पुढे दुकान, मागे कारखाना, वर घर. नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन नांदगावहून इथे आले, तेव्हा आळीत सकाळपासून अशी ठोकाठोक चालायची की बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. आमचा नावलौकिक होता तो आंघोळीचं पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबांसाठी. सासरे, त्यांना घरात सगळे दादा म्हणायचे, स्वतः बंब घडवायचे. अख्ख्या अंगावर हातोडीचे एकसारखे ठसे उठवायचे. त्याला मठारकाम म्हणतात. ते करताना दादा कुणाशी बोलत नसत. देवाशीसुद्धा नाही, असं सासूबाई म्हणायच्या.

मग घरोघर गीझर आले. पुढच्या दहा-बारा वर्षांत एकेक कारखाना गप्प झाला. माझे यजमान सातपूरच्या एका कंपनीत लागले. दादांनी ठरवलं, आता दुकानात तयार स्टीलची भांडी ठेवायची आणि घडवणं बंद करायचं.

त्या दिवशी भंगारवाला गेल्यावर मी दुकानात गेले. "दादा, दिवाळीपर्यंत वेळ आहे ना? तोवर मला वेबसाईट बघू द्या."

"ती बंद पडलीय का?"

"बंद नाही. पण चालतही नाही."

ते हसले. "बघ बाई. तुझ्या हाताला यश असेल तर बघ."

वेबसाईट होती, वर्षभरापूर्वी केलेली. कॉलेज रोडच्या एका कॉम्प्युटरवाल्याने दिराच्या आग्रहावरून करून दिली होती. भांड्यांचे फोटो होते, पत्ता होता, दुकानाचा फोन नंबर होता. गंमत म्हणजे फोन यायचेही, चांगले घसघशीत. फक्त तांब्याबद्दल एकही नाही.

"हॅलो, गडावर रूम भेटंल का?" हा पहिला. सायखेड्याहून बोलत होता. "लेकरं हायेत संगं. लय गर्दी आसंल का वो ताई?"

मी सांगितलं, हे भांड्यांचं दुकान आहे.

"मंग गडावरचं नाय का?" म्हणाला आणि वर, "आसू द्या. पन गाडी किती वाजता हाय?"

असे फोन आठवड्याला चार-पाच तरी. कुणाला पहाटेच्या आरतीची वेळ हवी, कुणाला पायऱ्या चढवत नाहीत म्हणून डोलीची चौकशी. आम्हाला वाटायचं, सप्तशृंगी गडावरच्या कुठल्यातरी फलकावर चुकून आमचा नंबर छापला गेलाय. सुरुवातीला मी तडकायचे. पण म्हाताऱ्या बायका इतक्या आशेने विचारायच्या की शेवटी गडाच्या पायथ्याशी राहायची सोय करणाऱ्या एका गृहस्थांचा नंबर मीच मिळवला आणि फोनजवळच्या भिंतीवर लिहून ठेवला. फोन आला की तो नंबर द्यायचा आणि मोकळं व्हायचं.

दादांशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सायबर कॅफेत जाऊन बसले. आजूबाजूला कॉलेजची पोरं, मध्ये मी, मांडीवर भाजीची पिशवी. इंटरनेटवर इंग्रजीत शोधलं: तांब्याची भांडी, नाशिक. पहिल्या पानावर आम्ही नाही. दुसऱ्यावर नाही. पुढची पानं उघडत गेले तर मुरादाबादचे व्यापारी निघाले, एक दागिन्यांचं दुकान निघालं, नळाच्या तोट्या विकणारा निघाला. आमचा पत्ताच नाही. वैतागून मी कपाळाला हात लावला आणि सहज, खरंच सहज, आमच्या कुलदेवीचं नाव टाईप केलं. म्हटलं, आई, तूच बघ आता.

पहिल्याच पानावर आमचं दुकान.

त्याखाली ओळ होती: श्री गणेशाय नमः, श्री कुलस्वामिनी सप्तशृंगी देवी प्रसन्न, श्री खंडेराव प्रसन्न, वडीलधाऱ्यांच्या कृपाशीर्वादाने. तांब्याचं नाव नाही, बंबाचं नाव नाही. मला हसू आवरेना आणि त्याच वेळी रडूही येत होतं. शेजारचा मुलगा खुर्ची लांब सरकवून बसला.

कॉम्प्युटरवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "काकू, मी तुमच्या सासऱ्यांना विचारलं होतं, वर काय लिहायचं? त्यांनी दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका दिली. म्हणाले, हे असंच्या असं, प्रत्येक पानावर." आणि त्याने तसं केलंही होतं. मराठी अक्षरं दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर उमटायची नाहीत म्हणून सगळे देव इंग्रजी अक्षरांत. भांड्यांची नावं मात्र फोटोतच छापलेली, कारण ते फोटो आमच्या दुकानाच्या कॅलेंडरवरून उचललेले. सर्च इंजिनला फोटोतलं वाचता येत नाही, हे त्याने मला समजावलं. त्या इंजिनला वाचता येत होते ते फक्त देव. त्याच्या लेखी आमचं दुकान म्हणजे एक देऊळ होतं.

आता बोला! लग्नपत्रिका असो, वास्तुशांत असो, आपल्याकडे आधी सगळ्या देवांना मान, मग घरातल्या म्हाताऱ्यांना, आणि कशाचं आमंत्रण आहे ते अगदी शेवटी. माणूस पत्रिका हातात धरून शेवटपर्यंत वाचतो. यंत्राला तेवढी सवड नसते.

घरी येऊन मी दादांना सांगितलं, देवांची नावं वरून काढावी लागतील. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "देवाचं नाव पुसून धंदा करायचा?"

"पुसून नाही, खाली घेऊन."

"देव खाली?"

मी पुढे बोलायला तोंड उघडलं तर ते उठून कारखान्यात गेले. पुढचे काही दिवस आमच्यात फक्त चहा घ्या आणि जेवायला वाढलंय एवढंच बोलणं. मी काही विषय सोडणार नव्हते. माझ्या वडिलांचं नांदगावला कापडाचं दुकान होतं आणि हट्ट मी तिथूनच आणलाय. रोज दुपारी चहा देताना मी विचारायचे, "मग, काय ठरलं?" रोज ते म्हणायचे, "काही नाही ठरलं."

सुटका केली सासूबाईंनी. त्या कधी आमच्या धंद्याच्या बोलण्यात पडत नसत. त्या दिवशी दुकानात समईच्या वाती वळत बसल्या होत्या. वर न बघताच दादांना म्हणाल्या, "अहो, आपल्या दुकानात देवी कुठे बसलीय?"

"म्हणजे? ही काय, गल्ल्याच्या मागे."

"आणि बाहेरच्या पाटीवर काय लिहिलंय?"

दादांनी दाराकडे पाहिलं. मग उठले आणि चपला न घालता रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले. स्वतःच्या दुकानाची पाटी त्यांनी किती वर्षांत पाहिली नसेल कोण जाणे. वर लहानसं श्री, खाली हातभर अक्षरांत तांब्यापितळेची भांडी. एक हातगाडीवाला त्यांना बाजूला व्हा म्हणून ओरडला तरी ते हलले नाहीत. परत आले आणि मला म्हणाले, "श्री एवढं राहू दे. बाकी देव आत घे."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मग मी पदर खोचला. रोज दुपारी दुकानात दादांच्या शेजारी बसायचं आणि गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐकायचं. तांब्यात पाणी किती वेळ ठेवायचं? ताक ठेवलं तर चालतं का? बंबात कोळसा घालायचा की लाकूड? कल्हई कधी करायची? दादा प्रत्येकाला उत्तर द्यायचे, घेणारा असो की नुसता चौकशा करणारा. आणि विकायच्या आधी उलट प्रश्न विचारायचे: घरात माणसं किती, पाणी बोअरचं की नळाचं? तीच उत्तरं मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत टाईप करत गेले, भांड्यांची नावं फोटोतून बाहेर काढून नीट लिहिली आणि प्रत्येक पानाला त्याचं त्याचं नाव दिलं. कॉम्प्युटरवाल्याने मध्येच एक शक्कल सुचवली. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत तांबं, तांबं, तांबं असं शंभरदा लिहायचं. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतं. मी म्हटलं, जे गिऱ्हाईकाला दाखवता येत नाही ते माझ्या दुकानात नको. तो हसला. हसू दे.

गणपती गेले, नवरात्र आलं. गडाचे फोन दुप्पट झाले, कारण सर्च इंजिनमधून जुनं नाव पुसलं जायला वेळ लागतो म्हणे. तांब्यासाठी आम्ही कुठल्यातरी मागच्या पानावर उगवलो होतो, पण तिथवर कोण जातंय? कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काकू, आता दुसऱ्या वेबसाईटनी तुमचं नाव सांगायला हवं. जितके जण तुमच्याकडे बोट दाखवतील तितके तुम्ही वर."

हे मी दादांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, समजावताना नाकीनऊ येणार. ते म्हणाले, "हे तर आळीत रोजचंच आहे."

खरंच होतं. आमच्याकडे समई नसली की दादा गिऱ्हाईकाला म्हणायचे, समोर जा, माझं नाव सांगा. समोरचे दुकानदार बंब मागणाऱ्याला आमच्याकडे धाडायचे. रिकाम्या हाताने माणूस आळीबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही इथली रीत. दुसऱ्या दिवशी दादा स्वतः माझ्याबरोबर निघाले. समोरचे समईवाले, कोपऱ्यावरचे घंटावाले, ज्यांची ज्यांची वेबसाईट होती त्यांच्याकडे बसून चहा घेतला आणि सांगितलं, "आमची सून काय म्हणते ते करा. आम्हीही तुमचं नाव लावतो." कुणी का म्हणून विचारलं नाही. दुकानात करतात तेच करायचं होतं.

आणि एक नाव मी मागितलंच नव्हतं. गडाच्या पायथ्याशी राहायची सोय करणारे ते गृहस्थ एक दिवस दुकानात येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, वर्षभर तुम्ही माझ्याकडे माणसं पाठवताय. मला प्रत्येक जण सांगतो, भांड्यांच्या दुकानातल्या बाईंनी नंबर दिला." त्यांच्याकडे पाहुण्यांच्या आंघोळीला तांब्याचाच बंब होता, त्यांच्या वडिलांनी आमच्या आळीतून नेलेला. त्यांनी त्या बंबाचा फोटो त्यांच्या वेबसाईटवर टाकला आणि खाली आमच्या दुकानाचा पत्ता जोडला. त्यांची वेबसाईट खूप लोक बघायचे. कॉम्प्युटरवाला म्हणाला, सगळ्यात जास्त जोर त्याचाच लागला. देवीला मी वरून खाली आणलं होतं आणि तिने मला खालून वर ढकललं, असं सासूबाई अजून म्हणतात.

पण दिवाळी आली तरी आम्ही दुसऱ्या पानाच्या तळाशीच. पाडव्याला दादांनी ऐरणींना हळदकुंकू वाहिलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभे राहिले. मी मान वळवली. मला ते बघवेना.

भाऊबीज झाली, पोरांच्या शाळा सुरू झाल्या. एका सकाळी फोन वाजला. मी सवयीने भिंतीवरच्या नंबराकडे बघतच रिसीव्हर उचलला आणि म्हटलं, "गडावर राहायचंय का?"

पलीकडून एक बाई म्हणाल्या, "नाही हो. तांब्याचा बंब हवाय. तुम्हीच घडवता ना? इंटरनेटवर पहिल्याच पानावर तुमचं नाव आलं."

मी भिंतीवरच्या नंबरावरची नजर काढली. मग मी दादांना हाक मारली, ती बहुतेक गोदावरीच्या पलीकडे ऐकू गेली असेल. दादांनी फोन कानाला लावला आणि शांतपणे विचारलं, "घरात माणसं किती?" त्या बाई नागपूरच्या होत्या. त्यांना शेतावरच्या घरासाठी बंब हवा होता आणि त्यांच्या बहिणीलाही. त्याच आठवड्यात आणखी फोन आले, एक इगतपुरीच्या हॉटेलातून, एक थेट बंगळूरहून.

भंगारवाला ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आला, तेव्हा दादा मागे कारखान्यात मठारकाम करत होते. कितीतरी दिवसांनी आळीत तो आवाज घुमत होता. भंगारवाला दारात उभा राहिला. "दादा, माल काढायचा ना?"

दादांची हातोडी चालूच होती. मठारताना ते बोलत नसत, म्हणून तो थांबला, मग पुन्हा म्हणाला, "आज नाही तर कधी येऊ ते तरी सांगा."

दादांनी हातोडी खाली ठेवली नाही, मानही वर केली नाही. पण बोलले.

"सूनबाईला विचार."